देवकाचा घास

नाब्बोसानं पहिला नाकतोडा खाल्ला तो भीतीनं. दुसरा मात्र चवीनं. आणि तिसऱ्यानंतर प्लास्टिकचा पेला कधी रिकामा झाला, हे मसाका शहरातल्या टॅक्सीतळावर नाकतोडे विकणाऱ्या बाईलाच ठाऊक. नाब्बोसाला विचाराल तर ती आजही सांगेल की पेल्याला भोक असणार.

घोटाळा झाला तो नावामुळे. आमच्या बुगांडा मुलखात माणसाचं नाव ऐकलं की त्याचं कूळ कळतं, आणि कूळ कळलं की त्यानं काय खायचं नाही तेही कळतं. नाब्बोसा हे नाव मम्बावाल्यांचं. मम्बा म्हणजे चिखलात राहणारा तो लांबोडा मासा. तो तिच्या माहेरचं देवक. त्याच्या वासालाही तिनं उभं राहायचं नाही. बाकी पाण्यातलं, जमिनीवरचं, हवेतलं काहीही खायला तिला मोकळीक होती. पण तिचं लग्न झालं मुगालुलाशी, आणि मुगालुलांचं देवक नाकतोडा.

आता बायको आपल्या माहेरच्याच कुळाची राहते, हे खरं. पण पोट राहिलं की भानगड सुरू होते. पोट नाब्बोसाचं, पोटातलं मुगालुलांचं.

"तू काय खायचं ते तुझ्या बापाला विचार," सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, "पण माझ्या नातवंडाच्या तोंडात काय जातंय ते मी बघणार. देवक खाल्लंस तर पोर नाकतोड्याच्या डोक्याचं होईल. निमुळतं डोकं, आत मेंदूला जागा नाही. आयुष्यभर गवतात बसून राहील."

सासूबाईंचं नाव नाकिंतु. उंच बाई, पुढच्या दोन दातांत फट, आणि त्या फटीतून शिट्टीसारखा आवाज काढून त्या कोंबड्यांना, सुनेला आणि चर्चच्या फादरलाही गप्प करत. त्यांच्या बोलण्याला घरात अपील नव्हतं. अंडं बंद, कारण पोराला केस येणार नाहीत. बकऱ्याचं मटण बंद, कारण पोर बें बें करेल. घेवड्याला बंदी नव्हती, पण त्याच्या वासानंच नाब्बोसाला ओकारी यायची. उरला मटोके. केळीच्या पानात वाफवलेला केळ्यांचा गोळा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि वर काळा चहा.

पाचव्या महिन्यात ती मसाकाच्या दवाखान्यात गेली, तेव्हा उभ्या उभ्या तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तिथल्या नर्सबाई इमाकुलाटा यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"हे रक्त आहे की चहा?" त्या म्हणाल्या. "काय खातेस गं?"

"मटोके."

"त्याच्याबरोबर?"

"अजून मटोके."

नर्सबाईंनी तिचं पोट मोजलं, पुन्हा मोजलं, आणि फीत खाली ठेवली. ती जरा जास्तच सावकाश ठेवली.

"पोर लहान आहे. ऐक, कुडाचं घर बांधताना नुसता चिखल थापून भिंत उभी राहते का? आत वासे लागतात ना? मटोके म्हणजे चिखल. पोट भरतं, पण आत्ता या पोराचा मेंदू बांधला जातोय, आणि त्याला वासे हवेत. मासे, अंडी, कलेजी, घेवडा. आत्ता नाही मिळाले तर नंतर कितीही आणून ओतलेस तरी भिंतीच्या आत कसे घालणार? मग पोर उशिरा चालतं, उशिरा बोलतं, शाळेत मागे पडतं." मग त्यांनी तिच्या कार्डावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "नाब्बोसा! म्हणजे मम्बावाली. मग काय, सोन्याहून पिवळं! नाकतोड्यांचा हंगाम चालू आहे. रोज मूठभर खा. अगं, त्यात मांसाइतकाच कस असतो."

नाब्बोसानं तोंड उघडलं होतं. नवऱ्याचं कूळ सांगण्यासाठीच उघडलं होतं, शपथेवर. पण बाहेर खिडकीखाली कोणीतरी कांदा घालून नाकतोडे तळत होतं, आणि त्या वासानं उघडलेल्या तोंडात पाणीच सुटलं. तिनं तोंड मिटलं.

टॅक्सीतळावर जाईपर्यंत तिच्या मनात दोन बाया भांडत होत्या. एक म्हणत होती, खाल्लंस तर डोकं निमुळतं. दुसरी म्हणत होती, नाही खाल्लंस तर डोकं रिकामं. निमुळतं डोकं निदान टोपीखाली झाकता येईल, असा हिशेब करून तिनं पेला घेतला.

त्या वर्षी नाकतोडे असे आले होते म्हणता! संध्याकाळी आभाळ हिरवं व्हायचं. आमच्या फादरांनी प्रवचनात 'आमेन' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना ते चावूनच म्हणावं लागलं. टेकडीवर दिव्यांपुढे पत्रे उभे करून लोक पिंपंच्या पिंपं भरत होते. एका म्हाताऱ्याच्या टकलावर इतके बसले की त्याची बायको त्याला परका समजून घरात घेईना. मी सांगतोय त्यातलं अर्धं खरं आहे. कोणतं अर्धं, ते तुम्ही ठरवा.

सगळा गाव चंगळ करत असताना मुगालुलांच्या घरी मात्र खिडक्या बंद. चुकून एखादा आत आलाच तर सासूबाई त्याला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून अंगणात सोडत आणि वर म्हणत, "सांभाळून जा हो." कुंपणापलीकडचा शेजारी कढईतला झारा वर करून ओरडायचा, "मुगालुला! तुझ्या काकांना तळतोय, ये जेवायला!"

"खा बाबा, खा," मुगालुला हसून म्हणायचा. "पण काकांना डोक्याकडून खा. बुद्धी तिथेच आहे, आणि तुला गरज आहे."

तो बोडा चालवायचा, म्हणजे मोटरसायकलवर मागे माणसं बसवून गावोगाव सोडायचा. मनानं भला, आवाजानं मोठा. बायको पेरूची पानं का चघळते, हे कोडं त्याला कधी पडलं नाही. नाब्बोसा मसाकाहून येताना मूठभर पानं चघळत यायची, वास मारायला. हंगाम सरत आला तेव्हा तिनं उन्हात वाळवलेले नाकतोडे आणले आणि आपल्या लग्नातल्या गोमेसीच्या घडीत लपवले. त्या भरजरी झग्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

सातव्या महिन्यात एका दुपारी मुगालुलानं तिच्या पोटाला कान लावला आणि आनंदानं ओरडला, "आई! अगं आई, लाथ नाही मारत, उड्या मारतंय!"

केळी सोलता सोलता सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. मग पुन्हा सोलायला लागल्या आणि म्हणाल्या, "पोरं मारतातच उड्या."

त्या 'मारतातच'मध्ये काय होतं, याचा विचार करून नाब्बोसाची पुढच्या कित्येक रात्रींची झोप उडाली. दवाखान्यात मात्र नर्सबाई खूश. पापणी लाल, पोट भरलेलं. "बघ, वासे पोचले!" त्या म्हणायच्या, आणि नाब्बोसाला वाटायचं, वासे पोचले खरे, पण कोणत्या जंगलातले?

मुलगी झाली. कळा लांबल्या, मुलगी अडून अडून बाहेर आली, आणि नाब्बोसानं पहिल्यांदा पाहिलं ते तिचं डोकंच. डोकं लांब होतं. मागे निमुळतं. अगदी... तिनं चटकन कापड ओढलं.

"अगं, अडकून आलेल्या पोराचं डोकं असं होतंच," सुईण म्हणाली. "आठवड्यात गोल होईल."

नाब्बोसाला ते पटलं नाही. सासूबाई आल्या, त्यांनी कापड बाजूला केलं. फटीतून शिट्टी आली नाही, काही आलं नाही. त्या नातीच्या डोक्यावरून तळहात फिरवत बसल्या, मातीचं मडकं घडवणारी कुंभारीण फिरवते तसा. आठवड्यात डोकं खरोखर गोल झालं. श्रेय सुईणीनं घेतलं, फादरांनी घेतलं. सासूबाईंनी कसलंच घेतलं नाही. नाब्बोसानं मात्र पोरीच्या डोक्यावरची लोकरीची टोपी वर्षभर काढली नाही. डोकं पुन्हा लांबलं तर?

बाप्तिस्म्यात नाव ठेवलं पेर्पेतुआ, घरात पेपे. कुळाचं नाव नंतर, नाळेच्या समारंभात मिळायचं होतं. तोवर गळून पडलेली वाळकी नाळ नाब्बोसानं जपून ठेवली. कुठे? गोमेसीच्या घडीत. शेजार चुकीचा होता, पण दुसरी जागा नव्हती.

आणि मग सुरू झालं पाहणं. दुसऱ्या आया पोरांकडं पाहतात तशी नाब्बोसा पाहत नसे. ती राखणदार चोराकडं पाहतो तशी पाहायची. पेपे रांगलीच नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर टुणटुण उड्या मारत सगळं अंगण फिरायची. शेजारणी हसून लोळायच्या. नाब्बोसाच्या अंगावर काटा यायचा. पेपेचे पाय लांब होते. पेपेचे डोळे मोठे होते. पेपेला गवतात बसायला आवडायचं. आता कोणत्या पोराला नाही आवडत? पण हे नाब्बोसाला कोण सांगणार, आणि सांगायला तिनं आधी कोणाला विचारायला हवं ना!

सगळ्यात वाईट म्हणजे पेपे बोलेना. दोन वर्षांची झाली तरी एक शब्द नाही. तिच्याच वयाचा शेजाऱ्याचा पोरगा रेडिओसारखा चालू असायचा. बातम्या संपल्या की गाणी. पेपे नुसती बघायची.

"मुकी आहे का गं?" शेजारीण विचारायची.

"विचार करते," मुगालुला ठासून सांगायचा. "आमच्या घराण्यात आधी विचार करतात."

"तू कधी केलास?" शेजारीण म्हणायची.

शेवटी नाब्बोसा तिला पाठीला बांधून नर्सबाईंकडं गेली. त्यांनी पेपेपुढे लाकडी ठोकळे ठेवले, तिनं रचले. मागून टाळी वाजवली, तिनं वळून पाहिलं. "माझी चप्पल आण," म्हणाल्या, तिनं आणली. वर दुसरीही आणली.

"ऐकते. समजते. जोडी लावते. हे डोकं चाललंय चांगलं," नर्सबाई म्हणाल्या. "तू तिच्याशी बोलतेस का?"

नाब्बोसानं दोन्ही चपला जागेवर नेऊन ठेवल्या.

"अगं, तुलाच विचारतेय. दिवसभरात तिच्याशी काय बोलतेस?"

तेव्हा कुठे नाब्बोसाच्या लक्षात आलं. ती पोरीशी बोलतच नव्हती. सासू घरात असताना तोंडातून भलतंच निसटेल या धाकानं तिनं तोंडाला कुलूप घातलं होतं. पोरीला न्हाऊ घालायची, भरवायची, बांधायची, सगळं मुकाट्यानं. पोटात असताना मटोकेवर ठेवलं, आणि बाहेर आल्यावर मौनावर.

"डोक्याचं दुखणं नसेलही, अबोल्याचं असेल," नर्सबाई म्हणाल्या. "बोल तिच्याशी. काहीही बोल. आणि आणखी थोडी वाट बघू."

"आणि तरी नाही बोलली तर?"

"तर ये. मग बघू." नर्सबाईंनी 'बोलेलच' असं म्हटलं नाही. नाब्बोसानं ते नेमकं टिपलं, आणि परतीच्या वाटेवर तेच उगाळत बसली. पहिल्या चार महिन्यांच्या चहानं झालं असेल? की नंतरच्या नाकतोड्यांनी? दोन्हीकडून तीच दोषी. निवाडा करायला दुसरं माणूसच नव्हतं.

तरी ती बोलायला लागली. जागा एकच सापडली: केळीच्या बागेत अगदी मागे, जिथे सासूबाईंचे पाय पोचत नसत. हंगाम पुन्हा आला होता. ती कापडाआडचा पेला काढायची, एक स्वतः खायची, आणि पोरीनं हात पुढे केला की... आता काय सांगू? त्या पोरीनं हात पुढे केला की कोणत्याही आईला नाही म्हणवलं नसतं. जे व्हायचं ते पोटातच होऊन गेलंय, असं म्हणत ती एक तिच्याही तोंडात घालायची.

"आणखी?" नाब्बोसा विचारायची.

पेपे होकाराची मान हलवायची.

"आणखी?"

पुन्हा मान. एवढाच संवाद, पण रोजचा.

आणि नाळेच्या समारंभाचा दिवस ठरला.

कुळातली माणसं जमली. अंगणात केळीच्या पानांवर मोठी घट्ट विणीची टोपली, तिच्यात पाणी, दूध आणि केळ्याची दारू. आजोबा, म्हणजे मुगालुलाचे थोरले चुलते, हरणाच्या कातड्यावर बसले. पोराची नाळ त्या टोपलीत टाकायची. तरंगली तर पोर कुळाचं. बुडाली तर आईनं आपलं बोचकं बांधायचं आणि पोराच्या खऱ्या बापाचं घर शोधायचं.

नाब्बोसाला खरा बाप शोधायची गरज नव्हती, तो समोरच दात काढून उभा होता. पण जिनं पोटात देवक खाल्लं त्या पोरीची नाळ देवक तरंगू देईल का? आणि कुळानं नाकारलेल्या मुक्या पोरीला कोण जवळ करणार? नाब्बोसा चटईवर गुडघे टेकून बसली.

"नाळ दे," सासूबाई म्हणाल्या.

तिनं दिली. सासूबाईंनी ती नाकाशी नेली. दोन वर्षं वाळक्या नाकतोड्यांच्या शेजारी राहिलेली नाळ. नाब्बोसानं डोळे मिटले. काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर सासूबाई लोण्यात बोटं बुडवून नाळेला लोणी फासत होत्या. एकदा, पुन्हा, आणि वर आणखी एक गोळा.

"नाकिंतु, पोरीला न्हाऊ घालतेस की काय?" आजोबांनी विचारलं.

"लोणी माझ्या घरचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या पोटात का दुखतं?"

आधी मुगालुलाच्या भावाच्या पोराची नाळ टाकली. तरंगली. बायांनी लकेर मारली. मग पेपेची. ती टोपलीत पडली, पाण्याखाली गेली, आणि नाब्बोसाचा श्वासही तिच्याबरोबर खाली गेला. क्षणभर नुसते तेलकट बुडबुडे. मग काहीतरी तपकिरी, चकचकीत, आखडलेलं, कुरकुरीत दिसणारं वर यायला लागलं.

आलं की नाही हे कोणालाच नीट दिसलं नाही, कारण तेवढ्यात पेपे वाकली, टोपलीत हात घातला, नाळ उचलली आणि थेट तोंडाकडं नेली. सासूबाईंनी ओठांपाशी तिचा हात धरला, म्हणून बरं.

पेपेनं आजीकडं पाहिलं. मग सगळ्या कुळाकडं पाहिलं. आणि खणखणीत आवाजात, शेजाऱ्याच्या रेडिओलाही लाजवेल असं, बोलली:

"आणखी!"

नाब्बोसाच्या एका डोळ्यातून आनंदाचं पाणी वाहत होतं आणि दुसऱ्यातून भीतीचं. पोर बोलली. पोरीनं ओळखलं! तळलेला नाकतोडा कसा दिसतो ते तिनं ध्यानात ठेवलं होतं, त्याच्याशी हे जुळवून पाहिलं होतं, आणि त्याला कोणता शब्द लागतो तोही नेमका काढला होता. नर्सबाईंचे ठोकळे याच्यापुढे काहीच नव्हेत. हे डोकं रिकामं नव्हतं. आणि आता हेच भरलेलं डोकं आईला सगळ्यांपुढे उघडं पाडणार होतं.

"काय म्हणाली?" आजोबांनी कानाशी हात नेला. "आणखी? आणखी काय? आणि नाळ तरंगली की बुडाली? मला तर दिसलंच नाही."

सगळे टोपलीत वाकून बघायला लागले.

फटीतून शिट्टी आली.

"बुडालेली वस्तू दोन वर्षांच्या पोराच्या हाताला लागते होय?" सासूबाई म्हणाल्या. "वर होती म्हणून तर लागली. तुमच्या सगळ्यांच्या नाळा दुसऱ्यांनी उचलल्या. माझ्या नातीनं आपलं कूळ आपल्या हातानं उचललं, आणि वर म्हणतेय, आणखी द्या. नाव द्या तिला आता. की उरलेली दारू संपायची वाट बघताय?"

दारूचा विषय निघाल्यावर आजोबांनी फार ताणलं नाही. पेपेला कुळाचं नाव मिळालं, नाकाजुबी. बायांनी लकेर मारली, ढोल वाजले, मुगालुला वासरासारखा नाचला.

संध्याकाळ व्हायच्या आत नाब्बोसा केळीच्या बागेत पानं तोडायला गेली. खरं तर माणसांपासून लांब व्हायला गेली. मागोमाग सासूबाई आल्या. अगदी मागे, जिथे त्यांचे पाय पोचत नसत तिथे आल्या, आणि खाली पडलेला रिकामा पेला त्यांनी अंगठ्यानं गवतात ढकलला.

"पोर हुशार आहे," त्या म्हणाल्या. "लोणी लावलेली नाळ. कढईतून नुकता काढल्यासारखी दिसत होती. मलाही क्षणभर तसंच वाटलं."

नाब्बोसाचा हात पानावरच राहिला. तळलेला नाकतोडा कढईतून काढल्यावर कसा दिसतो, हे या घरातल्या सुनेला, सासूला, कोणालाच ठाऊक असायला नको होतं.

"सासूबाई, तुम्हाला कसं..."

"मुगालुला कितव्या वर्षी बोलला, विचारलंस कधी?" सासूबाईंनी दुसरीकडं पाहत एक पान तोडलं. "आणि रांगला का, तेही विचारलं नाहीस. त्याच्या वेळी नाळ तरंगवायला लोणी याच्या दुप्पट लागलं होतं. माझी सासू खमकी, तिनंच फासलं."

"मग मला इतका धाक का घातलात? दोन वर्षं मी..."

"मला घातला होता म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "आणि वाटायचं की खरं असलं तर? माझा पोरगा डोक्यानं तसा... भला आहे, पण बघतेसच. मला आजही माहीत नाही, मी खाल्ले ते जास्त झाले की कमी पडले." मग त्यांनी पानांचा भारा उचलून सुनेच्या डोक्यावर ठेवला. "तिला देशील तेव्हा मीठ कमी घाल. लहान आहे."

त्या पुढे चालू लागल्या. नाब्बोसा मागे उभी राहून बराच वेळ श्वास घेत राहिली; इतक्या दिवसांचा साठला होता.

अंगणात पेपे पाहुण्यांच्या मांडीवरून मांडीवर जात होती आणि प्रत्येकाला 'आणखी' ऐकवत होती. लोक खूश होऊन तिच्या तोंडात मटोके घालत होते. ती तो थुंकून टाकत होती आणि मान हलवत होती. आजोबांनी तिला उचलून विचारलं, "अगं, आणखी काय हवं माझ्या बाळाला? सांग की!"

पेपेनं विचार केला. ओठ जुळवले.

नाब्बोसानं डोक्यावरचा भारा टाकला आणि धावत सुटली.